खाद्यकीटकांचे संगोपन : चेन्नईच्या हवेत पाळीव सरड्यांच्या आहाराचे शास्त्र

पाळलेली पाल किंवा सरडा रोज भरपेट रातकिडे खातो, त्याचे वजनही वाढते आणि तरीही काही महिन्यांत त्याचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, कणा वक्र होतो. पुढे शरीर जमिनीवरून उचलणेही त्याला जमत नाही. पशुवैद्यकात या अवस्थेला चयापचयजन्य अस्थिविकार असे म्हटले जाते. बंदिवासातील कीटकभक्षक सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये हा विकार वारंवार आढळतो. उपासमारीमुळे तो होतोच असे नाही. पुष्कळदा प्राण्याला अन्न भरपूर मिळालेले असते. मात्र त्या अन्नात हाडांसाठी आवश्यक असलेले घटक नसतात. त्यामुळे सरड्याच्या आरोग्याचा विचार त्याच्या काचेच्या पेटीपासून नव्हे, तर शेजारच्या रातकिड्यांच्या डब्यापासून सुरू करावा लागतो.

सरड्यांच्या आहारासाठी वाढवल्या जाणाऱ्या किड्यांना खाद्यकीटक म्हणतात. त्यांचे संगोपन हे एका अर्थाने लहान प्रमाणावरील पशुपालनच आहे. त्यांना खाद्य, पाणी, हवा, योग्य तापमान आणि स्वच्छता यांची गरज असते. चेन्नईसारख्या उष्ण आणि दमट किनारी शहरात या प्रत्येक गोष्टीचे गणित थोडे वेगळे मांडावे लागते.

चेन्नई आणि सरपटणारे प्राणी

भारतात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाची आणि संवर्धनाची परंपरा ज्या शहरांशी जोडली गेली आहे, त्यांत चेन्नईचे स्थान अग्रभागी आहे. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने गिंडी येथे १९७२ मध्ये सर्पोद्यान उभे राहिले. त्यानंतर १९७६ मध्ये महाबलीपुरमच्या वाटेवर, वडनेम्मेली येथे मद्रास क्रोकोडाइल बँकेची स्थापना झाली. मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि घडियाल या तिन्ही भारतीय जातींची घटती संख्या सावरणे हा या संस्थेचा मूळ हेतू होता. पुढे कासवे, सरडे आणि साप यांचेही संवर्धन व अभ्यास तेथे होऊ लागला. इरुळा समाजाच्या सर्पमित्रांची विषसंकलन करणारी सहकारी संस्था १९७८ मध्ये याच परिसरात सुरू झाली.

कीटकांचा आहार केवळ सरड्यांपुरता मर्यादित नाही. नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली मगरीची पिल्लेही निसर्गात कीटक, बेडूकमासे आणि लहान मासे खाऊन वाढतात. प्राणिसंग्रहालय असो वा घरातील एखादी पेटी, कीटकभक्षक प्राणी सांभाळायचा तर त्याला उत्तम प्रतीचे जिवंत खाद्य मिळत राहील अशी व्यवस्था आधी उभारावी लागते.

गेल्या काही वर्षांत देशातील मोठ्या शहरांत विदेशी सरडे आणि पाली पाळण्याचा छंद वाढला आहे. चेन्नईत कोळत्तूरची शोभेच्या माशांची बाजारपेठ आणि पल्लावरमचा शुक्रवारचा आठवडी बाजार ही हौशी पाळकांची परिचित ठिकाणे आहेत. ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको आणि शॅमेलिऑन या प्राण्यांसाठी खाद्यकीटकांची गरज प्रामुख्याने भासते.

पाळण्यापूर्वी कायदा

घोरपड, भारतीय अजगर आणि तारा कासव हे प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून ते घरी बाळगणे गुन्हा आहे. लेपर्ड गेकोचे काही जवळचे नातलग भारतातील जंगलांत राहतात. सातपुड्यातील अशा एका जातीचे शास्त्रीय वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीव म्हणून विकली जाणारी पाल रानातून पकडून आणलेली नाही ना, याची खात्री करून घेणे ही म्हणूनच पाळकाची पहिली जबाबदारी ठरते.

विदेशी प्राण्यांबाबत २०२२ च्या दुरुस्तीने मोठा बदल केला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीनुसार आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींचा स्वतंत्र समावेश चौथ्या अनुसूचीत करण्यात आला. २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे. चेन्नई विमानतळावर बँकॉकहून सामानात लपवून आणलेले सरडे, साप आणि कासवे सीमाशुल्क विभागाने अलीकडच्या वर्षांत अनेकदा जप्त केली आहेत. बिलाशिवाय मिळणारा स्वस्त प्राणी हा अशा तस्करीतून आलेला असू शकतो.

कायद्याचा संबंध कीटकांशीही येतो. परदेशातून जिवंत कीटक आणण्यासाठी वनस्पती संगरोध विषयक २००३ च्या आदेशानुसार पूर्वपरवानगी लागते. परक्या जातीचा कीटक मोकळा सुटून रुजला, तर तो शेतीसाठी आणि स्थानिक जीवसृष्टीसाठी उपद्रवी ठरू शकतो, हे त्यामागील कारण आहे.

कॅल्शियमचे गणित

सरड्याच्या आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसपेक्षा अधिक, साधारणपणे दीडपट ते दुप्पट, असावे असे मानले जाते. खाद्यकीटकांमध्ये स्थिती नेमकी उलटी असते. कीटकांना हाडे नसतात आणि त्यांचे कवच कायटिन या पदार्थाचे बनलेले असते. परिणामी पूर्ण वाढलेल्या रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे सात पट असतो. मीलवर्म या नावाने विकल्या जाणाऱ्या, पिठात वाढणाऱ्या भुंग्याच्या अळीत हे प्रमाण पंधरा पटींहून अधिक भरते.

रक्तातील कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून ओढून घेते. स्नायूंची हालचाल आणि हृदयाचे ठोके चालू ठेवण्यासाठी हे आवश्यकच असते. पण ही उसनवारी महिनोन्‌महिने चालू राहिली तर हाडे पोकळ आणि मऊ होतात. वाढीच्या वयातील पिल्लांना आणि अंडी घालणाऱ्या माद्यांना हा धोका सर्वाधिक असतो.

कीटकाकीटकांत चरबीचेही प्रमाण बदलते. रातकिड्यात वजनाच्या सहा ते सात टक्के, मीलवर्ममध्ये सुमारे तेरा टक्के, तर मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणाऱ्या मेणअळीत पंचवीस टक्क्यांच्या आसपास चरबी असते. मेणअळी सरड्यांना अतिशय आवडते. मात्र ती नेहमीचे अन्न झाली, तर प्राणी स्थूल होतो आणि अन्य कीटकांना तोंड लावत नाही. तिचे स्थान आजारातून उठलेल्या प्राण्याला अधूनमधून द्यायच्या खाऊइतकेच असावे.

या नियमाला ठळक अपवाद आहे तो ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीचा. ओल्या कचऱ्याच्या विघटनासाठी अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या या अळीच्या कातडीत कॅल्शियम साठते आणि त्यामुळे तिच्यातील कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा अधिक असते. तथापि शहराच्या कचऱ्यावर वाढलेली अळी सरड्याला देणे योग्य नाही. स्वच्छ धान्य-भाज्यांवर वाढवलेलीच अळी द्यावी.

कीटकांचे दोन आहार

खाद्यकीटकांच्या संगोपनातील कळीचा मुद्दा असा, की कीटकाला निरोगी ठेवणारा आहार आणि त्याला सरड्यासाठी पौष्टिक बनवणारा आहार हे एक नव्हेत. हा फरक लक्षात न घेतल्याने अनेकांचे प्रयत्न फसतात.

पहिला आहार रोजचा. गव्हाचा कोंडा, ज्वारी किंवा नाचणीचे पीठ, भरडलेली डाळ आणि थोडे सुक्या माशांचे किंवा सोयाबीनचे पीठ यांच्या मिश्रणावर रातकिडे चांगले वाढतात. प्रथिने कमी पडली की ते एकमेकांना खाऊ लागतात. ओलाव्यासाठी गाजर, लाल भोपळा आणि शेवग्याची पाने द्यावीत. तमिळनाडूच्या बाजारात शेवग्याचा आणि हादग्याचा पाला बारमाही मिळतो. दोन्हींत कॅल्शियम चांगले असते. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून पालकावर भर देऊ नये. बाजारातील भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन घ्यावी. तिच्यावरील कीटकनाशकाचा अंशही रातकिड्यांची संपूर्ण वसाहत संपवू शकतो.

दुसरा आहार सरड्याला कीटक देण्यापूर्वीच्या दोन ते तीन दिवसांचा. कीटकाचे आतडे कॅल्शियमयुक्त अन्नाने भरून घेणे हा त्याचा हेतू असतो. यासाठी खाद्यात किमान आठ टक्के कॅल्शियम असावे लागते. नाचणी कॅल्शियमसाठी प्रसिद्ध असली, तरी तिच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश टक्का कॅल्शियम असते. केवळ नाचणीवर भागणार नाही, हे यावरून स्पष्ट होते. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असते. म्हणून ८० ग्रॅम बारीक पिठात २० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटची वस्त्रगाळ पूड मिसळली, की आठ टक्क्यांचे प्रमाण साधते. उकळून, वाळवून अगदी बारीक दळलेली अंड्याची टरफले किंवा पक्ष्यांसाठी विकले जाणारे समुद्रफेन हेही कॅल्शियम कार्बोनेटच होय. पानाला लावायचा चुना मात्र कधीही वापरू नये. तो दाहक असतो आणि कीटक व सरडा या दोघांनाही अपायकारक ठरतो.

हा दुसरा आहार सदासर्वकाळ देता येत नाही. इतक्या कॅल्शियमवर रातकिडे काही दिवसांहून अधिक तग धरत नाहीत. त्यामुळे मुख्य वसाहत पहिल्या आहारावर ठेवावी आणि लागतील तेवढेच कीटक वेगळ्या डब्यात काढून त्यांना दुसरा आहार द्यावा. या डब्यात अन्य कोणतेही कोरडे खाद्य ठेवू नये, अन्यथा कीटक त्यावरच ताव मारतात.

याशिवाय देण्याच्या क्षणी कीटकांवर कॅल्शियमची पूड भुरभुरण्याची पद्धत आहे. पिशवीत थोडी पूड घेऊन तीत कीटक हलकेच घोळवले की पातळ थर बसतो. रातकिडे अंग साफ करण्यात पटाईत असल्याने काही तासांत ही पूड उतरते. म्हणून पूड लावलेले कीटक लगेच खाल्ले जातील इतकेच द्यावेत.

खाल्लेले कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी जीवनसत्त्व ड आवश्यक असते. दिवसा वावरणारे बहुतेक सरडे ते अतिनील किरणांच्या साह्याने त्वचेत तयार करतात. खिडकीची काच हे किरण अडवते. चेन्नईच्या लख्ख उन्हात काचेआड ठेवलेला सरडा म्हणूनच जीवनसत्त्वाविना राहू शकतो. त्याच्यासाठी योग्य अतिनील दिवा लावावा अथवा जाळीच्या पिंजऱ्यात, सावलीची सोय ठेवून, सकाळचे कोवळे ऊन द्यावे. बंद काचपेटी उन्हात ठेवल्यास ती काही मिनिटांत भट्टीसारखी तापते.

रातकिड्यांची वसाहत

खाद्य म्हणून जगभर प्रामुख्याने तपकिरी घरगुती रातकिडा वाढवला जातो. पंखांच्या मुळाशी दोन फिकट ठिपके असणारा काळा रातकिडाही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. ही दुसरी जात आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत नैसर्गिकपणे आढळते.

पन्नास-साठ लिटरचा गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा खोका घरगुती वसाहतीला पुरेसा होतो. झाकणाचा मोठा भाग कापून तेथे बारीक धातूची जाळी बसवावी. नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. खोक्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचावेत, म्हणजे लपण्यास जागा मिळते, गर्दी विभागली जाते आणि विष्ठा खाली पडते. तळाशी माती किंवा भुसा घालू नये. कोरडा, उघडा तळ साफ करणे सोपे जाते.

पाण्याची उघडी वाटी ठेवल्यास रातकिडे, विशेषतः पिल्ले, त्यात बुडून मरतात. ओला कापूस किंवा स्पंज उथळ झाकणात ठेवावा आणि तो रोज बदलावा. खाद्य पाण्यापासून दूर, विरुद्ध टोकाला असावे.

अंडी घालण्यासाठी तीन ते पाच सेंटिमीटर खोलीचा ओलसर कोकोपीटचा डबा ठेवतात. मादी शेपटीकडील लांब नळीने त्यात अंडी घालते. दोन-तीन दिवसांनी हा डबा दुसऱ्या खोक्यात हलवून ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवल्यास साधारण दहा ते चौदा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढी पिल्ले बाहेर येतात. कोकोपीट कोरडे पडले की अंडी सुकतात आणि चिखल झाला की बुरशी येते. पाणी ओतण्याऐवजी फवारणे हितावह ठरते. पिल्ले वयात येण्यास सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात आणि प्रौढ रातकिडे त्यानंतर दोन-तीन आठवडेच जगतात. पुरवठा अखंड राहावा यासाठी वेगवेगळ्या वयाच्या किमान तीन खोक्यांची साखळी ठेवणे सोयीचे असते. प्रौढ नर रात्रभर किरकिरतात, याचीही सदनिकेत राहणाऱ्यांनी आधीच दखल घ्यावी.

मेलेले रातकिडे, कातीचे तुकडे आणि उरलेली भाजी रोज काढून टाकावी. निरोगी वसाहतीला फारसा वास येत नाही. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर गर्दी वाढली आहे किंवा हवा खेळती नाही असे समजावे.

मीलवर्म आणि सुपरवर्म

मीलवर्मचे संगोपन शांत, बिनवासाचे आणि कमी कष्टाचे असते. पसरट ट्रेमध्ये गव्हाच्या कोंड्याचा पाच ते आठ सेंटिमीटरचा थर घालून त्यातच अळ्या वाढवल्या जातात. कोंड्यात आधीच असलेले सोंडे आणि सूक्ष्म कोळीकीटक मरावेत यासाठी तो वापरण्यापूर्वी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा. ओलाव्यासाठी गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडी कागदावर ठेवून वर मांडाव्यात, म्हणजे कोंडा ओला होत नाही. अळीचा कोष आणि कोषाचा काळा भुंगा होतो. भुंगे कोंड्यात अंडी घालतात आणि तेथेच राहू दिल्यास ती अंडी खातातही. यासाठी दर दोन-तीन आठवड्यांनी चाळणीने भुंगे वेगळे करून नव्या कोंड्यात सोडतात. अंड्यापासून भुंग्यापर्यंतच्या प्रवासाला अनुकूल हवेत तीन ते चार महिने लागतात.

मीलवर्मला २५ ते २८ अंश तापमान मानवते. ३५ अंशांजवळ त्यांची वाढ खुंटते आणि मृत्यू वाढतात. तयार अळ्या ८ ते १० अंशांवर ठेवल्यास त्यांची वाढ थांबते आणि त्या आठवडेच्या आठवडे टिकतात. मात्र आठवड्यातून एकदा बाहेर काढून त्यांना दिवसभर खाऊ घालणे गरजेचे आहे. थंडीत ठेवलेली उपाशी अळी जिवंत असली, तरी तिच्यात पोषण उरत नाही.

दिसायला तशीच, पण आकाराने मोठी असलेली सुपरवर्म ही उष्ण कटिबंधातील वेगळी जात आहे. ती फ्रिजमध्ये मरते. गर्दीत असेपर्यंत ती कोषात जात नाही. प्रजननासाठी एकेक अळी छोट्या डबीत एकटी ठेवावी लागते. चेन्नईचा उन्हाळा ती मीलवर्मपेक्षा अधिक सहन करते, मात्र तिच्यातही चरबी बरीच असते.

चेन्नईचे ऋतू

चेन्नईचे हवामान कीटकपालनाला एका बाजूने अनुकूल आहे. थंड देशांत रातकिड्यांसाठी वर्षभर उष्णतेची सोय करावी लागते. येथे जानेवारीतील रात्रीही साधारण २० अंशांच्या वर असतात. अडचण येते ती उन्हाळ्यात. मे महिन्यातील अग्निनक्षत्राच्या काळात पारा ४० अंशांपलीकडे जातो. ३१ मे २००३ रोजी नुंगम्बाक्कम येथे ४५ अंश तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत गच्चीखालच्या खोलीतील किंवा बंद बाल्कनीतील खोका एका दुपारीत रिकामा होऊ शकतो. खोके घराच्या आतील भागात, जमिनीलगत, पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेवर ठेवावेत आणि गर्दी निम्म्यावर आणावी. पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस शहराला भिजवतो आणि वर्षभरातील निम्म्याहून अधिक पाऊस याच तीन महिन्यांत पडतो. या दिवसांत कोंड्याला बुरशी धरते आणि पांढऱ्या धुळीसारखे हलणारे कोळीकीटक पसरतात. खाद्य थोडे थोडे घालावे, साठा हवाबंद डब्यात ठेवावा आणि बुरशी दिसताच तो भाग काढून न थांबता संपूर्ण थर बदलावा. बुरशीची विषद्रव्ये कीटकावाटे सरड्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

डिसेंबर २०१५ चा महापूर, १२ डिसेंबर २०१६ चे वरदा चक्रीवादळ आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग वादळाच्या वेळचा पूर या तिन्ही प्रसंगी शहराच्या अनेक भागांत वीज दीर्घकाळ खंडित झाली होती. ज्याची सारी व्यवस्था फ्रिजवर किंवा विजेच्या पंख्यावर अवलंबून आहे, त्याची वसाहत अशा वेळी सर्वप्रथम कोलमडते. पावसाळ्याआधी दोन आठवडे पुरेल इतके कोरडे खाद्य जमवून ठेवणे आणि खोके तळमजल्यावरून उंच जागी हलवणे शहाणपणाचे ठरते.

मुंग्या हा येथील बारमाही शत्रू आहे. कीटकनाशकाची पूड किंवा खडू खोक्याजवळ वापरता येत नाही, कारण त्याने रातकिडेही मरतात. आपल्याकडे जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी पद्धत आहे, तीच येथे उपयोगी पडते. या वाट्यांत डासांची पैदास होऊ नये म्हणून पाण्यात साबणाचे थेंब टाकावेत आणि ते दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

रोगराई आणि खबरदारी

घरगुती रातकिड्यांना होणाऱ्या डेन्सोव्हायरस या विषाणूने युरोपातील पैदास केंद्रांना १९७० च्या दशकापासून सतावले आणि २००९-१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील मोठमोठ्या केंद्रांतील कीटक नष्ट केले. वाढ पूर्ण होण्याच्या सुमारास रातकिडे मलूल होतात, पाठीवर पडतात आणि मरतात. त्यावर औषध नाही. या अनुभवानंतर अनेक उत्पादक रातकिड्यांच्या अन्य जातींकडे वळले. घरगुती पाळकाने त्यातून घ्यायचा धडा साधा आहे : बाहेरून आणलेले कीटक किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावेत, दोन वसाहतींत एकच भांडे किंवा चिमटा वापरू नये आणि सर्व कीटक एकाच खोक्यात सांभाळू नयेत.

रस्त्यावरील दिव्याखाली, बागेत किंवा स्वयंपाकघरात सापडलेले किडे सरड्याला देऊ नयेत. घरातील झुरळाने विषारी जेल खाल्लेले असू शकते आणि बाहेरील किड्यांवर डासनिर्मूलनाच्या धुराचा किंवा फवारणीचा परिणाम झालेला असतो. काजवा तर कटाक्षाने टाळावा. अमेरिकेतील काही काजव्यांमध्ये हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि एखाददुसरा काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत.

कीटकाची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून अधिक नसावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. वाढत्या पिल्लांना रोज आणि प्रौढ पालींना दोन-तीन दिवसांआड खाद्य दिले जाते. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत राहू देऊ नयेत, कारण भुकेले रातकिडे झोपलेल्या सरड्याची कातडी कुरतडतात. हिरवी इग्वाना आणि सुल्काटा कासव हे मूलतः शाकाहारी प्राणी आहेत. हौसेपोटी त्यांना कीटक खाऊ घातल्यास अतिरिक्त प्रथिनांमुळे त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येण्याचा संभव असतो.

पाळकाच्या स्वतःच्या आरोग्याचाही विचार आवश्यक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. प्राणी, पेटी किंवा कीटक हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि ही भांडी स्वयंपाकघरातील मोरीत घासू नयेत. पाच वर्षांखालील मुलांना या प्राण्यांपासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. कीटकांच्या कातीची आणि विष्ठेची धूळ दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्रासदायक ठरते. सफाई करताना नाका-तोंडावर मुखपट्टी बांधावी. काढलेला कोंडा आणि कचरा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मगच टाकावा, म्हणजे अंडी किंवा अळ्या बाहेर पसरणार नाहीत.

लक्षणे ओळखणे

पायांची किंवा बोटांची थरथर, मऊ जबडा, चालताना पोट घासणे, शिकारीवर झेप घेताना नेम चुकणे आणि अन्नावरील वासना उडणे ही कॅल्शियमच्या कमतरतेची सुरुवातीची लक्षणे असू शकतात. वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही. मात्र वेळीच उपचार झाल्यास पुढील हानी थांबवता येते. घरच्या घरी कॅल्शियमची मात्रा वाढवत जाणे धोक्याचे असते, कारण जीवनसत्त्व ड आणि कॅल्शियम यांचा अतिरेकही मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांना इजा करतो. अशा वेळी पशुवैद्यकाकडेच जावे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार जाणणारे पशुवैद्यक मोजकेच असतात. म्हणून प्राणी घरी आणण्यापूर्वीच त्यांचा शोध घेऊन ठेवणे योग्य.

खाद्यकीटकांच्या संगोपनाला रोज फार वेळ लागत नाही. सकाळी पाणी बदलणे, मेलेले कीटक काढणे, ताजी भाजी घालणे आणि संध्याकाळच्या खाद्यासाठी दोन दिवस आधी वेगळे केलेल्या कीटकांकडे पाहणे, एवढाच हा नित्यक्रम आहे. तो चुकला, तर त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी तो सरड्याच्या हाडांत उतरतो. स्वतःचे अन्न शोधण्याचे स्वातंत्र्य नसलेला प्राणी घरी आणताना, त्याच्या अन्नाच्याही अन्नाची जबाबदारी आपण स्वीकारत आहोत, हे पाळकाने आधीच ध्यानात घ्यायला हवे.